शाळेचे ग्रंथकपाट आणि महाजाल



महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्या शिक्षकाची अडचण अशी की, संदर्भ पाहावयाचा तर शाळेत ग्रंथकपाट एक, आणि त्यातही बहुधा जुनी क्रमिक पुस्तके. महाजालाने ही उणीव पुष्कळ अंशी, तीही विनामूल्य, भरून काढली आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश तेथे वाचावयास मिळतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने सर्वांस खुले केले आहेत. मराठी शब्दाचा अर्थ शिकागोस विचारावयाचा, हा योग मौजेचाच!

इंटरनेट अर्काइव्ह या १९९६ साली स्थापन झालेल्या संग्रहात जुने मराठी ग्रंथ पानोपानीच्या छायाचित्रांसह विपुल आहेत. परंतु तेथे शोधता येणे हीच खरी विद्या होय. ग्रंथनामे बहुशः रोमन लिपीत नोंदविलेली असतात. ‘ज्ञानेश्वरी’तील ‘ज्ञ’ कोणी ‘डीएन’, कोणी ‘जेएन’, तर कोणी ‘जीवाय’ या अक्षरांनी लिहितो. एकच रूप घालून पाहणारा रिक्तहस्त परततो आणि ‘ग्रंथ उपलब्ध नाही’ असे विद्यार्थ्यास सांगून मोकळा होतो. त्या मुलाची जिज्ञासा तेथेच थांबते. म्हणून ग्रंथपालाने तिन्ही रूपे घालून पाहावीत, लेखकाच्या आडनावानेही शोधावे. ग्रंथ हाती लागताच आवृत्ती व प्रकाशनवर्ष टिपून घ्यावे. छायाचित्रे घेताना मधली पाने कधी कधी सुटलेली असतात. तेव्हा उतारा मुलांस देण्यापूर्वी पृष्ठांक सलग आहेत ना, हेही पाहावे.