वाटणीच्या बैठकीला कोण नव्हतं?

आज आपण मोठ्या घरच्या वाटणीबद्दल बोलणार आहोत. मोठ्या घरची म्हणजे जिथे वाटायला बरंच काही आहे तिथली. दोन एकरांवरून भांडणारे भाऊ आपण रोज पाहतो. पण तीस एकर ओलिताचं वावर, तालुक्याला दुकानाचा गाळा, ट्रॅक्टर आणि बँकेत ठेवी असलेल्या घरातही भांडण होतंच. ते जास्त वर्षं चालतं, कारण दोघांकडेही वकिलाला द्यायला पैसे असतात.

आपल्या जिल्ह्यात अशी घरं कमी नाहीत. वणी-मारेगावकडे कोळसा खाणींना जमिनी गेल्या. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेला गेल्या, नागपूर-तुळजापूर महामार्गाला गेल्या. पिढ्यानपिढ्या धुऱ्यावरून ज्या घरात शब्द निघाला नव्हता, तिथे मोबदल्याची रक्कम आली आणि जावा-जावांचं बोलणं बंद झालं. मग कोणीतरी म्हणतं, कोर्टात कशाला जाता, चार माणसं बसवा. सल्ला चांगला आहे. पण बसवायचं कोणाला, हे त्यात कोणी सांगत नाही.

देशातली सगळ्यात गाजलेली वाटणी मुंबईतली आहे आणि तिची मध्यस्थ एक आई होती. धीरूभाई अंबानी ६ जुलै २००२ रोजी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुकेश आणि अनिल या दोन मुलांचं पटेना, आणि दोन वर्षांत ते चव्हाट्यावर आलं. शेवटी आई कोकिलाबेन मध्ये पडल्या. त्या वेळी आयसीआयसीआय बँकेचे प्रमुख असलेले के. व्ही. कामत यांच्यासारख्या जाणत्या माणसाची मदत घेतली आणि १८ जून २००५ रोजी समझोता झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. तेलाचा मूळ कारखाना थोरल्याकडे गेला. टेलिफोन, वीज आणि वित्ताच्या कंपन्या धाकट्याकडे गेल्या.

ती वाटणी टिकली. एक कलम मात्र टिकलं नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्राखालून निघणारा गॅस थोरल्याच्या कंपनीने धाकट्याच्या वीज प्रकल्पाला १७ वर्षं द्यायचा, एका ठरलेल्या मापाला २.३४ डॉलर दराने, असं घरात ठरलं होतं. पुढे सरकारने त्याच मापाला ४.२० डॉलर दर ठरवला. झालं, प्रकरण कोर्टात. जून २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धाकट्याच्या बाजूने निकाल दिला. ७ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: हा समझोता आई आणि दोन मुलगे या तिघांतला. कंपनीच्या भागधारकांपुढे तो कधी ठेवलाच नाही, म्हणून तो कंपनीला बांधत नाही. आणि गॅस देशाचा आहे, त्याचा दर सरकारच्या धोरणाने ठरणार. त्याच महिन्यात, २३ मे रोजी, दोघा भावांनी एकमेकांच्या धंद्यात न पडण्याचे जुने करार मोडीत काढल्याचं जाहीर केलं.

त्या आईची मध्यस्थी फसली, असं मला वाटत नाही. जे तिघांचं होतं ते तिघांनी वाटलं, ते राहिलं. जे तिघांचं एकट्यांचं नव्हतं तेही तिघांनीच वाटलं, आणि तेवढंच मोडलं.

आता आपल्याकडचं एक घर डोळ्यांपुढे आणा. वडील वारले. दोन भाऊ, एक बहीण लग्न होऊन पुसदला. मामा मध्यस्थ. ओसरीवर बैठक झाली, चहा झाला, ओलिताचं थोरल्याला, कोरडवाहू आणि गाळा धाकट्याला असं ठरलं. बहीण कुठे होती? तिला राखीला बोलावलं, साडी दिली आणि एका कागदावर सही घेतली. आई कुठे होती? चुलीपाशी. तिला कोणी विचारलंही नाही, कारण ती ‘दोघांचीच’ आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. म्हणजे पाच वर्षांनी त्या जमिनीतून रस्ता गेला आणि मोबदला आला, की ओसरीवरची वाटणी पुन्हा पहिल्यापासून.

लेकीच्या हक्काची गोष्ट आपल्या राज्याला तर फार जुनी आहे. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क देणारी दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू केली. त्यात आधीच लग्न झालेल्या मुली सुटल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे. २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत, असं नाही. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती मध्यस्थ मामांनी ऐकावी अशी: ‘आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली’ हे म्हणणं न्यायालय सहज मानणार नाही. सरकारी कागदांचा भक्कम पुरावा लागेल.

बहिणीला आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल तर तिने जरूर द्यावा. मात्र तो किती आहे, त्याची आजची किंमत काय, हे तिला आधी माहीत हवं. आणि हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून जमिनीतला हक्क सुटत नाही, हे कितीतरी शिकलेल्या घरांनाही ठाऊक नसतं.

आता मध्यस्थ कसा असावा? पंच निकाल देतो, मध्यस्थ देत नाही. तो दोन्हीकडचं ऐकतो, वेगवेगळं ऐकतो, आणि इकडचं गुपित तिकडे नेत नाही. ज्याला त्याच घरचा गाळा विकत घ्यायचाय, किंवा ज्याचं एका भावाकडे येणं आहे, त्याला बसवू नका, मग तो गावात कितीही मानाचा असो. पहिल्या बैठकीत वाटे पाडूच नयेत. आधी यादी करावी: सातबारा, आठ-अ, गाळ्याचे कागद, ठेवी, सोनं, जनावरं. यादीत पीककर्ज आणि ट्रॅक्टरचे हप्तेही येतात. मिळकत वाटून घेतात आणि कर्ज ज्याच्या नावावर त्याच्याच गळ्यात राहतं, हा भांडणाचा मोठा उगम आहे. विहिरीचं पाणी आणि वावरात जायची वाट यांचाही स्पष्ट उल्लेख हवा. एकर सारखे म्हणजे किंमत सारखी असं नसतं. रस्त्याकाठचा एक एकर आतल्या चार एकरांना भारी पडतो. आपल्या आज्यांची जुनी रीत मला अजून पटते, एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. पाडणारा आपोआप नीट पाडतो.

गावात तंटामुक्त समिती आहे. ही मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली. तिथे तडजोड झाली तर चांगलंच. पण मिळकत मोठी असेल तर ती तडजोड लोकअदालतीत न्या. दावा दाखल झालेला नसला तरी वादपूर्व प्रकरण म्हणून ते घेता येतं. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही म्हणूनच, सही करण्याआधी कागद पूर्ण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या बाईकडून वाचून घ्या, समोरच्या पक्षाच्या माणसाकडून नको.

आणि वकिलाचं काय? विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिला उत्पन्नाची अट नाही. घरी चाळीस एकर असले तरी नाही. कारण घरचे चाळीस एकर म्हणजे तिच्या हातातले पैसे नव्हेत. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, यवतमाळला जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. जाताना आधारकार्ड, ताजा सातबारा, आठ-अ आणि वारसांची नावं लिहिलेला कागद न्या. त्या कागदावर लग्न होऊन गेलेल्या सगळ्या नणंदांची नावं घाला, आणि सासूबाईंचंही.