बुजऱ्या वयाची ढाल



आमच्या जुहूला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने जिचे लोखंडी गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात अशा एका इमारतीच्या तळमजल्यावर, पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी पाच-सहा मुले मेजाभोवती जमतात आणि फासे टाकीत टाकीत एक गोष्ट रचतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत ती गोष्ट पुढे नेतात, आणि जेथे यशापयशाचा निर्णय आधी सांगता येत नाही तेथे फाशांचा कौल घेतला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा खेळ छापून प्रसिद्ध केला, तेव्हा खेळाडूला निवडण्यासाठी योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे तीनच पात्रवर्ग त्यात होते. पुढे वर्ग पुष्कळ वाढले. तरीही गेल्या वर्षी आमच्या मेजावरच्या एका मुलीने मला विचारले, “काका, यात आमच्यासारखं कोणीच कसं नाही?” म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचे, आवाज फुटलेले, आपले हातपाय कोठे ठेवावेत याची पंचाईत पडलेले, आणि कोणी हसले की ते आपल्यालाच हसले असे मानणारे. असा एक वर्ग रचण्याची कामगिरी तिने माझ्यावर सोपविली.

माझा पहिला मसुदा चुकीचा होता. या खेळात सामर्थ्य, बुद्धी, प्रभाव असे सहा गुण असून, मूळ रिवाजाप्रमाणे तीन फाशांच्या बेरजेवरून प्रत्येक गुण ३ ते १८ यांच्या दरम्यान ठरतो. मी या बिचाऱ्या पात्राच्या प्रभावातून काही अंक सरळ वजा करून टाकले. मुलांनी तो कागद वाचला आणि कोणीही ते पात्र घेतले नाही. त्यांचे खरे होते. जो मुलगा उत्तर येत असूनही वर्गात हात वर करीत नाही, तोच संध्याकाळी चौपाटीच्या ओल्या वाळूवर धाकट्या बहिणीला भरती-ओहोटी चंद्रामुळे कशी होते हे समजावून देताना एकदाही अडखळत नाही. गुण तोच, मुलगा तोच. बदलते ती पाहणाऱ्याची नजर. बुजरेपणा हा उणा अंक नव्हे.

हे मर्म दोन खेळांच्या कर्त्यांनी उत्तम ओळखले आहे. ‘मास्क्स’ या २०१६ च्या खेळात किशोर नायकांना शारीरिक बळाचा आकडाच नाही. स्वतःकडे ते कसे पाहतात याची पाच मापे आहेत, आणि ज्याच्या मताला ते किंमत देतात अशा मोठ्या माणसाने “तू असा आहेस” म्हणताच एक माप चढते व दुसरे उतरते. ‘टेल्स फ्रॉम द लूप’ या स्वीडिश खेळात पात्राचे वय १० ते १५. जितके वय तितके गुणांक, आणि पंधरातून वय वजा करून जे उरेल तितके दैव. दहा वर्षांच्या मुलाला दैव पाच वेळा हात देते, पंधरा वर्षांच्याला एकदाही नाही. त्या वयाचे एकाकीपण इतक्या थोड्या अंकगणितात मांडलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण मला हवी होती ती गोष्ट जुहूच्याच इतिहासात सापडली. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन, कारावासाची मुदत संपण्यापूर्वीच मुक्त झालेले महात्मा गांधी त्याच वर्षी मार्चमध्ये विश्रांतीसाठी जुहूच्या किनाऱ्यावर येऊन राहिले होते. साऱ्या देशाला ज्यांचा शब्द प्रमाण, ते गांधी लहानपणी कोणी बोलेल या भीतीने शाळा सुटताच घराकडे पळत असत, अंधाराला भीत, आणि बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले असता त्यांना एकही प्रश्न सुचला नाही, तेव्हा अशिलासाठी दुसरा वकील नेमण्यास सांगून ते निघून आले. आत्मचरित्रात हे सारे नमूद करून त्यांनी लज्जाशीलतेला आपली ढाल मानले आहे, कारण तिने त्यांना शब्दांची काटकसर शिकविली. ढाल! आमच्या खेळातला प्रत्येक योद्धा जी घेऊन फिरतो, तीच.

त्यावरून दुसरा मसुदा झाला. या पात्राने दोन फासे टाकावेत. समोर परके लोक असतील तर लहान आकडा धरावा, आपली माणसे असतील तर मोठा. ज्या प्रसंगात ते गप्प राहील त्या प्रसंगी त्याला एक ढाल मिळावी, आणि गप्प राहून जे त्याने पाहिले, जे इतरांच्या नजरेतून सुटले, ते पुढे सांगण्यासाठी ती खर्च करण्याची त्याला मुभा असावी. वडीलधाऱ्यांनी “तुला जमायचं नाही” म्हटले की ते वाक्य त्याच्या दप्तरी, म्हणजे मुले ज्याला कॅरेक्टर शीट म्हणतात त्या कागदावर, शब्दशः लिहावे. ते खोडण्याचा अधिकार सूत्रधारालाही नाही. ते खोटे ठरविणारी कृती करून त्या खेळाडूने स्वतःच्या हाताने खोडावयाचे. आणि या पात्राची फजिती हा इतरांच्या करमणुकीचा विषय होता कामा नये, ही सक्त ताकीद मी पहिल्याच ओळीत घातली. इतर वर्ग अनुभवाची एकेक पायरी चढताना बळ मिळवितात. हा वर्ग पाचव्या पायरीवर संपतो आणि खेळाडूला दुसरा निवडावा लागतो, त्या वेळी खोडलेली वाक्ये मात्र नव्या कागदावर जशीच्या तशी उतरवून घ्यावयाची असतात.

या पावसाळ्यात तीन मुलांनी हे पात्र घेतले. त्यांच्यातला एक, जो आधी दोन महिने केवळ फासे उचलून देण्याचे काम करीत असे, आता सूत्रधार होतो. मी वर्गाला ‘बुजरा’ असे नाव दिले होते. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने ते खोडले आणि वर ‘नवखा’ असे लिहिले. तेच कायम झाले आहे.