क्वीनचे पंधरा अल्बम, तळापासून वरपर्यंत

(भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे तरी काढलेत. उरलेले सांभाळून घ्या.)

आज आपण भांडण लावणार आहोत. क्वीन या बँडचे पंधरा स्टुडिओ अल्बम, पंधराव्या नंबरपासून पहिल्यापर्यंत. यादी माझी आहे, त्यामुळं शिव्या मलाच द्या.

आधी एक गोष्ट. क्वीनची पंधरा-वीस गाणी आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतात, पण कुठलं गाणं कुठल्या अल्बममधलं ते कुणाला माहीत नसतं. यात तुमचा दोष नाही. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम कुठला? क्वीनचाच, १९८१ चा 'ग्रेटेस्ट हिट्स'. म्हणजे त्यांच्या घरच्या लोकांनीसुद्धा त्यांना निवडक गाण्यांतूनच ऐकलंय. प्लेलिस्टवाल्यांनी तेच पुढं चालवलं. पण निवडक गाणी ऐकली की वाटतं, हा फ्रेडी मर्क्युरी नावाच्या एका माणसाचा बँड होता आणि मागं तिघं जण वाजवत होते. तसं नव्हतं, आणि ते अल्बम ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा उद्योग.

आता तुम्ही म्हणाल, उंब्रजच्या पोरानं क्वीनवर का बोलायचं? तर फ्रेडी आपल्या जिल्ह्यात शिकला. जन्म १९४६ चा, झांझिबारचा. घराणं पारशी, मूळ गुजरातचं. बुलसरचं, म्हणजे आजच्या वलसाडचं, म्हणून आडनाव बुलसारा. खरं नाव फारुख. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला धाडलं, १९५५ च्या सुमारास. 'फ्रेडी' हे नाव त्याला तिथंच पडलं. तेव्हा आपला जिल्हा 'उत्तर सातारा' म्हणून ओळखला जायचा आणि मुंबई राज्यात होता. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा फ्रेडी याच शाळेचा विद्यार्थी होता. १ मेला सुट्टी असेल म्हणा.

त्या शाळेत १९५८ ला पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. फ्रेडी त्यात पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच होता! मला हे लय आवडतं. जगातला सगळ्यात भारी आवाज, आणि शाळेच्या बँडमध्ये मागं पियानोवर.

पण 'फ्रेडी आपला साताऱ्याचा' असले जे रील फिरतात ना, त्यात मी नाही. बोर्डिंगची पोरं गेटच्या आत. वाईचा बाजार, पसरणीचा घाट, कृष्णा, यातलं काही त्याच्या गाण्यात शोधू नका, सापडणार नाही. पुढं १९६४ ला झांझिबारमध्ये क्रांती झाली, घरदार सोडून ही माणसं इंग्लंडला गेली, आणि पाचगणीबद्दल तो मोठेपणी जवळजवळ बोललाच नाही. आपण त्याच्यावर हक्क सांगण्यापेक्षा त्याचं नीट ऐकलेलं बरं.

तर नंबर कशावरून दिले? माझा निकष एकच. अल्बममध्ये चौघं ऐकू येतात का?

आमच्याकडं भजनी मंडळात बुवा पुढं म्हणतो, टाळकरी मागं ओढतात. क्वीनमध्ये प्रत्येक टाळकऱ्याचा स्वतःचा अभंग होता. फ्रेडीनं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लिहिलं. 'वी विल रॉक यू' गिटारवाल्या ब्रायन मेचं. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बेसवाल्या जॉन डीकनचं. 'रेडिओ गा गा' ड्रमवाल्या रॉजर टेलरचं. चौघांनीही हिट गाणी लिहिलेला बँड शोधून दाखवा. आणि ही माणसं कोण? ब्रायन खगोलशास्त्राचा, अर्धवट राहिलेली पीएचडी त्यानं २००७ मध्ये पूर्ण केली. जॉन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. रॉजर आधी डेंटिस्ट्रीला, मग बायोलॉजीला. फ्रेडी ग्राफिक डिझाइनचा, बँडचं बोधचिन्ह त्यानंच काढलेलं. अशी चार डोकी एका खोलीत कोंडल्यावर वाद होणारच. तो वाद जिथं ऐकू येतो तो अल्बम वर, जिथं विझलाय तो खाली.

चला. पंधरावा, 'फ्लॅश गॉर्डन', १९८०. सिनेमाचं पार्श्वसंगीत आहे, मध्ये मध्ये संवाद. पुढं चला.

चौदावा, 'हॉट स्पेस', १९८२. डिस्को-फंक करायला गेले आणि ब्रायनच्या गिटारला बाहेर बसवलं. शेवटी डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' आहे, म्हणून चौदावा, नाहीतर सिनेमाच्याही खाली गेला असता. तेरावा, 'अ काइंड ऑफ मॅजिक', १९८६. यातली बरीचशी गाणी 'हायलँडर' सिनेमासाठीची. 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर' एकदा रात्री हेडफोन लावून ऐका, बाकी विसरलात तरी चालेल.

बारावा, 'द मिरॅकल', १९८९. इथं थांबू जरा. मुखपृष्ठावर चौघांचे चेहरे एकमेकांत मिसळून एकच चेहरा केलाय. आणि आत पहिल्यांदाच सगळ्या गाण्यांचं श्रेय 'क्वीन'ला. कुणी काय लिहिलं ते वेगळं छापलेलंच नाही. त्याआधी ज्याचं गाणं त्याचं नाव आणि त्याचे पैसे असा हिशोब होता, आणि त्यावरून धुसफूस चालायची. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजरचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' होतं. रेकॉर्ड एकच, त्यामुळं पुढच्या गाण्याइतकेच पैसे मागच्यालाही! बाकीच्यांच्या ते डोक्यात गेलं होतं. १९८९ ला तो विषय मिटवला. माणूस म्हणून मला हे पटतं. आमच्या कामातही 'हा कोड कुणाचा' यावरून जी भांडणं होतात ती मी बघतो. पण ऐकणारा म्हणून सांगतो, 'द मिरॅकल' जरा गुळगुळीत झालाय.

अकरावा 'द वर्क्स', १९८४. चौघांची चार चांगली सिंगल्स, मध्ये भरताड. दहावा 'मेड इन हेवन', १९९५. फ्रेडी जाऊन चार वर्षं झालेली. यातलं 'मदर लव्ह' हे त्यानं गायलेलं शेवटचं गाणं. शेवटचं कडवं राहिलं, परत येऊन करतो म्हणाला, आला नाही. ते कडवं ब्रायननं गायलंय. आवाज बदलतो ना तिथं, तो क्षण मला अजून सहन होत नाही. या अल्बमला नंबर देणंच चुकीचं वाटतं, पण दहावा.

नववा 'जॅझ', १९७८. नावात जॅझ, आत जॅझ नाही. सुरुवात 'मुस्तफा' नावाच्या गाण्यानं, अरबीसारखं काहीतरी, थोडं इंग्लिश, थोडं बनवलेलं. कुणाला त्यात झांझिबार ऐकू येतं. मला तर फ्रेडीची मस्करी ऐकू येते. पण 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' याच अल्बमचं, हे लक्षात असू द्या. आठवा, पहिलाच 'क्वीन', १३ जुलै १९७३. पैसे नव्हते. स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा, रात्री-अपरात्री जाऊन रेकॉर्ड केलेला. यातल्या 'माय फेअरी किंग'मधून फ्रेडीनं 'मर्क्युरी' हे आडनाव उचललं, असं ब्रायन सांगतो. (बरोबर बारा वर्षांनी, १३ जुलै १९८५ ला, लाइव्ह एड. तारीख तीच. योगायोग, पण भारी.)

सातवा 'द गेम', १९८०. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या अल्बमवर छापलेलं असायचं, यात सिंथेसायझर वापरलेला नाही. लोकांना वाटायचं एवढे आवाज मशीननंच येत असणार, म्हणून खुलासा. 'द गेम'मध्ये पहिल्यांदा सिंथ आला. अमेरिकेत एक नंबरला गेलेला त्यांचा हा एकमेव स्टुडिओ अल्बम. जॉनची ती बेसलाइन तुम्हाला झोपेतसुद्धा ओळखू येईल.

सहावा, 'अ डे ॲट द रेसेस', १९७६. 'समबडी टू लव्ह'मध्ये चर्चमधल्यासारखा मोठा कॉयर गातोय असं वाटतं ना? तीनच माणसं आहेत. फ्रेडी, ब्रायन, रॉजर. एकावर एक आवाज चढवलेत.

पाचवा, 'न्यूज ऑफ द वर्ल्ड', १९७७. 'वी विल रॉक यू' आमच्याकडं कबड्डीच्या मैदानातही वाजतं आणि इंग्लिशचा गंध नसलेली पोरंसुद्धा मांडी थोपटतात. पण ते बनवलं कसं ते ऐका. हजारो लोक पाय आपटतायत असं वाटायला हवं होतं, आणि खोलीत मोजकीच माणसं. नुसता इको लावला असता तर तो इकोच वाटला असता. ब्रायननं काय केलं, त्याच आवाजाच्या प्रती वेगवेगळ्या उशिरानं लावल्या, आणि त्या उशिरांचं प्रमाण ठेवलं मूळ संख्यांचं! मूळ संख्यांना सामाईक विभाजक नसतो, त्यामुळं आवाज एकमेकांवर ठराविक तालानं पडत नाहीत, आणि कानाला गर्दी वाटते. सातवीतलं गणित आहे, भावांनो. सातवीत मास्तरांनी हे सांगितलं असतं तर वर्ग डोक्यावर घेतला असता.

चौथा, 'इन्युएंडो', १९९१. फ्रेडी खूप आजारी, बाहेर सांगितलेलं नाही. 'द शो मस्ट गो ऑन' त्याला झेपेल का अशी ब्रायनला शंका होती. त्यानं व्होडका घेतली आणि गायलं. ते ऐकून सांगा हा माणूस आजारी आहे म्हणून. २३ नोव्हेंबर १९९१ ला एड्स झाल्याचं जाहीर केलं, २४ ला गेला. इथंही श्रेय चौघांचं एकत्र आहे, पण 'द मिरॅकल'सारखं गुळगुळीत वाटत नाही. वेळ कमी असल्यावर चौघांनी आपापलं सगळं ओतलंय.

तिसरा, 'क्वीन टू', १९७४. बाजू ए आणि बी नाहीत, 'पांढरी' आणि 'काळी' आहे. पांढरी जवळजवळ सगळी ब्रायनची, काळी सगळी फ्रेडीची. काळी बाजू मध्ये न थांबता ऐका, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' कुठून आलं ते कळेल. मग तिसरा का? कारण जॉनचं एकही गाणं नाही. निकष म्हणजे निकष.

दुसरा. हां, आता शिव्या सुरू. दुसरा 'अ नाइट ॲट द ऑपेरा', १९७५. सगळं जग याला पहिला ठेवतं, आणि मला कळतं का ठेवतं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं, रेडिओवर एवढं लांब कोण लावणार म्हणून सगळे नको म्हणत होते. पण मला यातली बाजूची गाणी जास्त प्रिय. 'गुड कंपनी'मध्ये जुन्या जॅझ बँडची वाद्यं ऐकू येतात, ती सगळी ब्रायनची गिटार आहे, आणि ती वाजते जॉननं बनवलेल्या छोट्या ॲम्पमधून. तो ॲम्प जॉननं कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून बनवलेला. मी ई अँड टीसी करून सॉफ्टवेअरमध्ये आलेला माणूस, मला इथं लाज वाटते! जॉनच्याच 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'साठी फ्रेडी इलेक्ट्रिक पियानो वाजवायला तयार नव्हता, त्याला त्या वाद्याचा तिटकारा. मग जॉन स्वतः शिकला आणि वाजवला. तरी दुसरा का? इथं प्रत्येक जण आपापल्या खोलीत महाल बांधतोय. चारही महाल देखणे, पण मधल्या भिंती दिसतात.

आणि पहिला, 'शीअर हार्ट अटॅक', नोव्हेंबर १९७४. याच अल्बमवर पहिल्यांदा चौघांचीही गाणी आली. जॉनचं पहिलं गाणं, 'मिसफायर', दोन मिनिटांच्याही आतलं, इथलंच. पण खरी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या दौऱ्यात ब्रायनला कावीळ झाली, दौरा सोडून परत आले. मग रेकॉर्डिंगच्या वेळी अल्सर, पुन्हा हॉस्पिटल. बाकीचे तिघं थांबले नाहीत, आणि त्याच्या जागी दुसरा गिटारवालाही आणला नाही. गाणी केली आणि गिटारची जागा मोकळी ठेवली. ब्रायननं हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या 'नाऊ आय ॲम हिअर' लिहिलं. 'किलर क्वीन' त्यानं आधी ऐकलं ते आजारपणातच. बरा होऊन आला आणि त्या मोकळ्या जागा भरल्या. आता 'किलर क्वीन'मधला गिटारचा तुकडा ऐका. एकही सूर जास्त नाही. जागा ठेवणाऱ्यांना आणि भरणाऱ्याला, दोघांनाही माहीत होतं तिथं काय हवंय.

तेरा गाणी, एकोणचाळीस मिनिटं. हायवेचं काम आडवं आलं नाही तर उंब्रजला गाडीत बसून लावायचा, नागठाण्यापर्यंत 'स्टोन कोल्ड क्रेझी'ला पोचता, आणि साताऱ्यात शिरताना 'इन द लॅप ऑफ द गॉड्स'चा दुसरा भाग चालू असतो, शेवटी एक स्फोट होऊन संपतो. फक्त शफल बंद करा.

तुमची यादी पाठवा, पंधराच्या पंधरा, कारणासकट. 'हॉट स्पेस' पहिल्या पाचात ठेवणाऱ्याची यादी मी पुढच्या भागात सगळ्यांसमोर वाचणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. चला, भेटू.