पाणथळ : एक शब्द आणि दिल्लीची जमीन



विज्ञानविषयक ग्रंथाचा अनुवाद हाती घेतला की पहिली अडचण विज्ञानाची नसते, शब्दाची असते. ‘वेटलँड’ या शब्दापाशी मी बरेच दिवस अडले होते. सरोवर म्हणावे, तर ही जागा उन्हाळ्यात कोरडी पडते. दलदल म्हणावे, तर त्यात किळसेची छटा येते. हिंदीतील ‘आर्द्रभूमी’ मराठी कानाला जड वाटते. अखेर शेतकऱ्याच्या तोंडचा ‘पाणथळ’ हा शब्द मी घेतला. 1971 साली इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने या शब्दाची व्याप्ती मोठी ठरवली आहे: नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमचे वा हंगामी, साचलेले वा वाहते, गोडे वा खारे, असे सर्व उथळ पाणी तीत येते. भारत 1982 साली या करारात सामील झाला.

परंतु जमिनीच्या दप्तरात रामसरची व्याख्या चालत नाही. आपल्याकडच्या सातबाऱ्यात ओढ्यानाल्याखालील जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात. दिल्ली-हरियाणाच्या महसुली नोंदींत गावतळ्यापुढे, म्हणजे जोहडापुढे, ‘गैरमुमकिन’ असे लिहिलेले असते. जिथे शेती होणे शक्य नाही अशी ती जमीन. दोन्ही शब्द सारा वसूल करणाऱ्याच्या दृष्टीतून आलेले आहेत. जी जमीन सारा देत नाही ती वाया गेलेली, हा हिशेब त्यांत मुरलेला आहे. शहर वाढू लागले की अशा जमिनीवर भराव घालताना कोणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही.

नजफगढचे उदाहरण घ्यावे. राजस्थानातील अरवलीत उगम पावणारी साहिबी नदी दिल्लीच्या नैर्ऋत्येस सखल भागात पसरत असे आणि तेथे पावसाळ्यात विस्तीर्ण झील तयार होई. झिलीचे जादा पाणी यमुनेकडे नेण्यासाठी प्रवाह खोदण्यात आला. 1960 च्या दशकातील पुरांनंतर तो आणखी रुंद व खोल केला गेला. झील ओसरली, मोकळ्या जमिनीवर शेती व पुढे वस्ती आली. ढांसा ते वजिराबाद असा सुमारे 57 किलोमीटरचा हा प्रवाह आता ‘नजफगढ नाला’ म्हणून ओळखला जातो. नाला म्हटल्यावर त्यात सांडपाणी सोडणे ओघानेच आले. दिल्लीतून यमुनेत सर्वाधिक घाण नेणारा प्रवाह तो हाच.

उथळ पाण्याचे काम संथपणे चालते. पाणी पसरते, थबकते, जमिनीत मुरते. वनस्पतींच्या मुळांशी राहणारे जिवाणू त्यातील सेंद्रिय द्रव्य पचवतात. मैल्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाण्यातील प्राणवायू संपतो, जलपर्णी पृष्ठभाग झाकते आणि खाली उजेड पोचत नाही. उरलेल्या झिलीवर रोहित पक्षी अजून येतात, हे पाहून काहींना समाधान वाटते. मला ते पुरेसे वाटत नाही. रोहित क्षारयुक्त, गढूळ पाण्यातही चरतो. त्याचे येणे म्हणजे पाण्याच्या शुद्धतेचा दाखला नव्हे.

इंटॅक या संस्थेने झिलीच्या रक्षणासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, तेव्हा ही मुळात पाणथळ आहे की नुसते साचलेले पावसाचे पाणी, यावरच वाद झाला. पाण्याला मात्र त्या वादाशी कर्तव्य नव्हते. गुडगावचा बादशाहपूर नाला याच झिलीकडे उतरतो. जुलै 2016 मध्ये तो फुगला आणि हीरो होंडा चौकात वाहने तासन्‌तास अडकून पडली. त्याच वर्षी त्या शहराचे नाव गुरुग्राम झाले होते.

ओखल्याची गोष्ट उलट आहे. तेथील पाणथळ माणसाने घडवली. यमुनेवर बांध घालून 1874 साली आग्रा कालवा काढला गेला. आजच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यावर पक्षी जमले आणि 1990 साली ते अभयारण्य झाले. 2017 च्या पाणथळविषयक केंद्रीय नियमांनी मात्र नदीचे पात्र, भातखाचरे आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येबाहेर ठेवले. ओखल्याला वन्यजीव कायद्याचे छत्र आधीच मिळाले होते, एवढेच त्याचे भाग्य. छत्राखालीही पाणी मैलेच आहे. हिवाळ्याच्या तोंडाला बंधाऱ्याखाली साबणाचा पांढरा फेस तरंगतो.

मराठी वाचकाला यमुनेची पूरभूमी परकी नाही. 10 जानेवारी 1760 रोजी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. नदीच्या पात्रातील उंच गवत-लव्हाळ्यांच्या आडून अफगाण सैन्य चालून आले, असे आपण वाचत आलो आहोत. ते लव्हाळे म्हणजे पाणथळच. आपण रणभूमी लक्षात ठेवली, तिच्यावरची वनस्पती विसरलो.

त्याच बुराडीच्या परिसरात 2002 पासून दिल्ली विकास प्राधिकरण व दिल्ली विद्यापीठ यांनी, प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली, यमुना जैवविविधता उद्यान उभे केले. क्षारांनी बिघडलेल्या जमिनीत उथळ व खोल पाणी तयार केले, यमुनाकाठची मूळची गवते व झाडे लावली. हिवाळ्यात तेथे लालसरी बदके उतरू लागली. जुलै 2023 मध्ये यमुनेने 208.66 मीटरची नोंदलेली सर्वोच्च पातळी गाठली. पाणी रस्ते ओलांडून लाल किल्ल्याच्या मागच्या तटापाशी, नदीच्या जुन्या वाटेवर, येऊन उभे राहिले.

अलीकडे नजफगढ नाल्याला सरकारी कागदांत पुन्हा ‘साहिबी नदी’ म्हणावे, असे ठरू लागले आहे. शब्दांवर पोट असलेल्या माझ्यासारखीला याचा आनंद होतो. पण ढांशापासून वजिराबादपर्यंत त्यात उतरणाऱ्या सांडपाण्याच्या तोंडांना हे नाव अजून कोणी वाचून दाखवलेले नाही.