पुसलेले फोटो परत मिळतात का?

आमच्या लालबागेत अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस फार शांत असतो. रात्रभर ओरडून बसलेले गळे, रस्त्यावर पडलेला गुलाल आणि पहाटे गिरगाव चौपाटीवरून परतून दुपारपर्यंत झोपलेली माणसे. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी आमच्या चाळीतला एक मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. गळ्यात कॅमेरा आणि चेहरा असा, की घरात कुणाचे काही बरेवाईट झाले की काय असे वाटावे.

"काका, सगळे फोटो गेले," एवढेच तो म्हणाला.

हे फोटो साधे नव्हते. आमची जुनी चाळ पाडून तिथे उंच इमारत व्हायची आहे. तेव्हा चाळीच्या चौकातला तो शेवटचाच गणपती. म्हणून या मुलाने दहा दिवस खोलीखोलीत जाऊन एकेका कुटुंबाचा फोटो काढला होता. गिरणीत जन्म घालवलेले म्हातारे गॅलरीत, आपापल्या नेहमीच्या जागी बसवून टिपले होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत कार्ड भरत आले. जागा करावी म्हणून दोन-चार नकोसे फोटो पुसायला गेला, आणि धक्काबुक्कीत 'सर्व पुसा' यावरच बोट पडले. आता ती गॅलरी पुन्हा टिपता येईल, पण तो गणपती आणि त्या गणपतीतली ती माणसे कुठून आणायची?

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "त्यानंतर किती फोटो काढलेस?"

"चौपाटीवर वीस-पंचवीस. मग कळलं तसा कॅमेरा बंद केला."

"मग निम्मं काम तूच केलंस," मी म्हणालो.

असे मी का म्हणालो, ते आज आपल्याला सांगायचे आहे. कारण हा प्रसंग आता केवळ मुंबईकरांवर येत नाही. गावातले लग्न, शाळेचे स्नेहसंमेलन, सहलीत काढलेले मुलांचे फोटो, हे सारे याच नखाएवढ्या किंवा टपालाच्या तिकिटाएवढ्या कार्डावर असते.

जुन्या कॅमेऱ्यात फिल्म असे. तिच्यावर प्रकाश पडला की रसायनात बदल होई. मेमरी कार्डात फिल्म नाही, रसायन नाही आणि फिरणारा एकही भाग नाही. त्यात असतात कोट्यवधी सूक्ष्म कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा किंचितसा भार कोंडून ठेवलेला असतो. वीज बंद केली तरी हा भार टिकून राहतो. कार्डातली ही स्मृती जपानातल्या तोशिबा कंपनीतले शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. आज कॅमेऱ्यात आपण जे एसडी कार्ड घालतो, ते १९९९ साली जाहीर झाले.

आता या कार्डात फोटो कसा ठेवला जातो, ते पाहू. आपल्या गावात जमीन निराळी आणि जमिनीचे दप्तर निराळे, नाही का? कुठला तुकडा कुणाचा, हे सातबाऱ्यावर लिहिलेले असते. पीक मात्र शेतात असते, कागदावर नसते. कार्डातही तसेच आहे. सुरुवातीला एक दप्तर असते. अमुक नावाचा फोटो, तो अमुक तुकड्यापासून सुरू होतो, पुढे अमुक तुकड्यात जातो, अशी त्यात नोंद असते. प्रत्यक्ष फोटो पुढच्या मोकळ्या जमिनीत पेरलेला असतो.

आपण 'पुसा' म्हणतो तेव्हा कॅमेरा काय करतो? तो शेतात जातच नाही, बरं का! तो फक्त दप्तर उघडतो, त्या फोटोच्या नोंदीवर खूण करतो, आणि 'हे तुकडे आता मोकळे' एवढे लिहून दप्तर मिटतो. असे का? तर त्याने वेळ वाचतो. हजार फोटो खरोखर धुऊन काढायचे तर कितीतरी वेळ जाईल. नोंदी खोडायला क्षणही पुरतो. फॉरमॅट करणे म्हणजेही बहुधा जुने दप्तर टाकून कोरे दप्तर ठेवणे.

सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून उभे पीक काही नाहीसे होत नाही. ते नाहीसे होते केव्हा? तर नव्या मालकाने येऊन नांगर घातला की. नव्या फोटोला जागा लागली, की कॅमेरा याच मोकळ्या ठरवलेल्या तुकड्यांवर नांगर फिरवतो. मग मात्र खालचा जुना फोटो जगातल्या कुठल्याही कारागिराला परत आणता येत नाही. म्हणून पहिला नियम हा, की फोटो गेले असे कळताक्षणी त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढा. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो 'लॉक'कडे सरकवा, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिले जाणार नाही.

दुसरी गोष्ट. फोटो खरोखर गेले आहेत का, ते आधी पाहावे. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरात, आतल्या निरनिराळ्या कप्प्यांत असतात. पुष्कळदा एका कॅमेऱ्याने काढलेले फोटो दुसरा कॅमेरा दाखवीत नाही. संगणकावर मात्र ते दिसतात. कधी कार्ड चांगले असते आणि कार्ड रीडरच बिघडलेला असतो. तो बदलून पाहावा. आणि संगणकाने विचारले, की 'हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?', तर घाबरून 'हो' म्हणू नका. 'नाही' म्हणा आणि कार्ड काढून घ्या.

त्या संध्याकाळी आम्ही माझ्या संगणकावर कामाला बसलो. प्रथम साऱ्या कार्डाची, अगदी मोकळ्या म्हटलेल्या जागेसकट, जशीच्या तशी नक्कल हार्ड डिस्कवर उतरवून घेतली आणि मूळ कार्ड डबीत ठेवून दिले. पुढची सारी खटपट नकलेवर. पोथी जीर्ण असली, की शहाणा माणूस आधी तिची प्रत करतो आणि मग पाने उलटतो, तसेच हे.

मग 'फोटोरेक' नावाचा प्रोग्रॅम लावला. क्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी तो लिहिला आहे आणि तो कुणालाही फुकट मिळतो. त्याची रीत मोठी गमतीची आहे. तो दप्तराकडे पाहतच नाही. दप्तरावर विश्वास उरला नाही, तर जुना जाणता पाटील काय करील? शिवारात उतरून बांधाबांधाने चालत जाईल. हा प्रोग्रॅमही तेच करतो. नेहमीच्या जेपेग फोटोच्या आरंभी एक ठरावीक खूण असते आणि शेवटीही एक असते. या खुणा म्हणजे बांध. या बांधापासून त्या बांधापर्यंतचे पीक उचलायचे आणि वेगळ्या जागी नेऊन ठेवायचे. वेगळ्या जागी, हे मात्र विसरू नका. मिळालेले फोटो त्याच कार्डावर उतरवले, तर आपणच आपल्या पिकावर नांगर घातला असे होईल.

यात एक उणीव राहते. दप्तर सोडून दिल्यामुळे फोटोंची मूळ नावे परत मिळत नाहीत. प्रोग्रॅम त्यांना आपले क्रमांक देतो. पण फोटो काढल्याची तारीख आणि वेळ बहुधा फोटोच्या पोटातच लिहिलेली असते, तिच्यावरून क्रम लावता येतो.

दोन-अडीच तासांनी फोल्डर उघडला. एक खोली, दुसरी खोली, आरतीचे ताट, मखर, चौकात पत्ते कुटणारी मंडळी... एकेक चित्र उघडत गेले तसा तो मुलगा खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावून बसला. बहुतेक फोटो आले. सारे आले असे मात्र नाही. चौपाटीवरच्या त्या वीस-पंचवीस फोटोंनी आपल्यापुरती जमीन नांगरलीच होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा फोटो वरून निम्मा आला. टोपी, कपाळ, डोळे आणि मागच्या गॅलरीचा कठडा. त्याखाली नुसता करडा पट्टा. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा अजून आहेत. उद्या सकाळी पुन्हा काढतो." आणि खरोखरच त्याने तो काढला.

श्रोतेहो, या विद्येच्या मर्यादाही सांगायला हव्यात. काही कॅमेऱ्यांत खोलवर पुसण्याची वेगळी सोय असते. तिने पुसलेले परत येत नाही. मोबाइलच्या स्वतःच्या स्मृतीतून पुसलेला फोटो अशा रीतीने सहसा मिळत नाही, कारण तिथली माहिती कुलूपबंद भाषेत असते आणि मोकळी जागाही फोन स्वतःच साफ करीत असतो. म्हणून मोबाइलमध्ये आधी कचरापेटी उघडून पाहावी. तिथे पुसलेले फोटो पुष्कळदा महिनाभर राहतात. आणि कार्ड मोडले किंवा जळाले असेल, तर घरी खटपट न करता जाणकाराकडे जावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी कामे करणारे भेटतात. खर्च मात्र आधी विचारून घ्यावा.

याच गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. आपल्याला जे परत आणता येते, ते परक्यालाही आणता येते. जुने कार्ड विकताना किंवा कुणाला देताना केवळ 'पुसले' म्हणून निर्धास्त राहू नका. ते पूर्ण फॉरमॅट करा.

आता थोडे मागे जाऊ. आमच्या लालबागेपासून दादर फार दूर नाही. तिथे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांना दाखवला. हा चित्रपट चार रिळांचा होता. आज त्यातली किती उरली? पहिले आणि शेवटचे. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून धागेदोरे जुळवीत जे मिळाले ते जपले, म्हणून एवढे तरी आपल्याला दिसते. आणि ही रिळे १९१३ च्या मूळ चित्रपटाची, की फाळक्यांनी १९१७ साली तोच विषय पुन्हा चित्रित केला त्याची, यावरही अभ्यासकांत वाद आहे. चित्र हाती आले, पण नाव आणि तारीख हरवली, की असे होते. पुढे २००३ साली पुण्यात आग लागून जुन्या, ज्वालाग्राही फितींचा मोठा साठा भस्म झाला. ज्या चित्रपटांच्या नकला आधीच काढून निराळ्या ठेवल्या होत्या, ते वाचले.

फाळक्यांच्या काळी एक प्रत काढायची तर फिल्म लागे, रसायने लागत, पैसा लागे. आपल्याला काय लागते? पाच मिनिटे आणि एक पेनड्राइव्ह. शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. संमेलन झाले, की त्याच रात्री फोटो संगणकावर उतरवा, दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि तिसरी शाळेबाहेर, दुसऱ्या कुणाच्या घरी असू द्या. फोल्डरला वर्ष आणि प्रसंगाचे नाव द्या. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. आणि निवडक दहा फोटो तरी कागदावर छापून मागे माणसांची नावे लिहा.

आमच्या त्या मुलाने हेच केले. प्रत्येक खोलीला एकेक छापील फोटो दिला. मागे खोलीचा क्रमांक, सगळ्यांची नावे आणि गणपतीचे वर्ष. आता मंडळी आपापले सामान बांधू लागली आहेत, आणि ज्या ज्या घरात मी गेलो तिथे तो फोटो देवांच्या ट्रंकेत, देवांबरोबर ठेवलेला मला दिसला.