आईच्या पर्समधली गोळी

मागच्या महिन्यात आईचं बीपी निघालं १६०/९६. गोळी रोज घेते, लोणचं-पापड बंद, तरीही. मला वाटलं, हार्टचं काहीतरी असणार. डॉक्टरांनी मात्र क्रिएटिनिनची तपासणी लिहून दिली आणि विचारलं, "आणखी कुठली गोळी घेता का?" आईनं पर्समधून पट्टी काढली. डायक्लोफिनॅक. गुडघ्यासाठी, रोज दोन, तीन महिने, मेडिकलमधून परस्पर!

गुडघ्याच्या गोळीचा बीपीशी काय संबंध? तेच शोधताना मी किडनीत शिरलो. खरं सांगतो, असलं सिस्टिम डिझाइन आमच्या ऑफिसात कुणी केलेलं नाही.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. लघवी होते दीडेक लिटर. बाकीचं सगळं परत रक्तात. म्हणजे या हिशोबात नुसता एक टक्का इकडचा तिकडे झाला तरी पावणेदोन लिटरचा फरक. पाणी जातं मिठाच्या मागे. किडनीनं मीठ जास्त धरून ठेवलं की पाणीही थांबतं, रक्ताचं प्रमाण वाढतं आणि प्रेशर चढतं.

प्रेशर कमी वाटलं की किडनी रेनिन सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन बनतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. मग अल्डोस्टेरॉन येतं, ते किडनीला सांगतं, मीठ सोडू नकोस. प्रेशर पुरेसं झालं की रेनिन कमी. सरळ फीडबॅक लूप.

पण किडनी मोजते ते तिच्यापर्यंत पोचणारं प्रेशर. १९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीकडे जाणाऱ्या धमन्या क्लॅम्पनं थोड्या आवळल्या, तर अख्ख्या शरीराचं बीपी चढलं! बिचाऱ्या किडनीला वाटलं, रक्तच कमी पडतंय.

आता आईची गोळी. गुडघ्यात दुखणं वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन किडनीत मात्र कामाचं असतं. तिथल्या बारीक वाहिन्या ते मोकळ्या ठेवतं, मीठ बाहेर टाकायला मदत करतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या ते बनूच देत नाहीत. गुडघा शांत, पण किडनी मीठ धरून बसलेली. म्हणजे बीपीची गोळी एकीकडे ओढतेय आणि ही दुसरीकडे.

डॉक्टरांनी ती बंद केली. क्रिएटिनिन नॉर्मल आलं, नशीब. तीन आठवड्यांनी बीपी १३८/८४.

गुडघा अजून दुखतोच. काल फोनवर आई हळूच म्हणाली, "अर्धी घेतली तर चालेल का रे?"