परतीचा हिशेब

‘बाजारात तोबा गर्दी होती’ असे आपण सहज म्हणून जातो. हा तोबा म्हणजे अरबीतली तौबा. फारसीचे बोट धरून ती मराठीत आली आणि गर्दीत हरवली. तिचा मूळ अर्थ वळणे, परत येणे. हिब्रू भाषेत याच कुळातला शब्द आहे ‘तेशुवा’. त्याचाही अर्थ परतणे असाच आहे. मी शब्दांवर पोट नसले तरी जीव असलेला माणूस, म्हणून मला हा फरक मोलाचा वाटतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. तो मनाला होतो. तेशुवा मात्र पायांना करावी लागते. नाशिकला निघालेला माणूस नगरच्या रस्त्याला लागला आणि चूक कळल्यावर कडेच्या दगडावर बसून रडत राहिला, तर नाशिक काही जवळ येत नाही. उठून मागे फिरावे लागते.

श्रोतेहो, यहुदी धर्मात या मागे फिरण्याला पंचांगात जागा दिलेली आहे. एलूल हा महिना तयारीचा. त्यानंतर तिश्री महिना लागतो. त्याच्या पहिल्या दिवशी रोश हशाना, म्हणजे वर्षारंभ, आणि दहाव्या दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. वर्षारंभाला मेंढ्याचे शिंग फुंकतात. सुरेल म्हणावा असा तो आवाज नव्हे. झोपलेल्याला हलवून उठवावे तसा आहे. मधले दहा दिवस हिशेबाचे.

हे सगळे परक्या मुलखातले वाटेल, म्हणून एक आठवण करून देतो. आपल्या कोकणात, अलिबाग-पनवेलच्या पट्ट्यात, शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएली लोक मराठीच बोलत. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली. त्यांच्या सणांनाही मराठी नावे होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा जो इतिहास लिहून ठेवला आणि जो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला, त्यात ही नावे सापडतात. वर्षारंभ हा नव्याचा सण. योम किप्पूर हा दारफळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी घरातली माणसे बाहेरच्या कुणाला शिवत नसत, बोलत नसत. आणि एलूल महिन्यातल्या उपासांना ते चक्क ‘रमझान’ म्हणत! शेजारच्या मोहल्ल्यातून शब्द उचलला आणि आपल्या उपासाला लावला. सिनेगॉगलाही ते मशीदच म्हणत. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेल्या त्यांच्या पहिल्या सिनेगॉगचे नाव ‘शआर हरहामीम’, म्हणजे दयेचे दार. मस्जिद बंदर या स्टेशनचे नाव या वास्तूवरून पडले असेही सांगतात. मला या दारांची गंमत वाटते. घराचे दार लावून घ्यायचे आणि दयेच्या दाराशी जाऊन उभे राहायचे.

योम किप्पूरचा उपास साधारण पंचवीस तासांचा, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही, स्नान नाही, चामड्याची पादत्राणे नाहीत. पुष्कळ जण पांढरे कपडे घालतात, कफनाची आठवण राहावी म्हणून. दिवसभर प्रार्थना चालते आणि तिच्यात पुन्हा पुन्हा पापांचा उच्चार येतो. प्रत्येक शब्दाबरोबर छातीवर हलकी मूठ मारायची. ही कबुली हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेली आहे. आपल्याकडे अ पासून ज्ञ पर्यंत म्हणावे तशी. कवी म्हणून मला ही रचना चतुर वाटते, कारण माणूस स्वतःची पापे आठवायला बसला की सोयीची तेवढीच आठवतात. अक्षरे मात्र कुणाला सोडत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे ती अनेकवचनी आहे. ‘मी’ चोरी केली असे नाही, ‘आम्ही’ केली. ज्याने आयुष्यात दमडी चोरली नाही, तोही हे म्हणतो.

पण इतके करूनही अर्धेच काम होते. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिशना या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की योम किप्पूर देव आणि माणूस यांच्यातले अपराध मिटवतो. माणसामाणसांतले नाही. तिथे आधी दुखावलेल्या माणसाकडे जायचे, त्याचे समाधान करायचे. देवसुद्धा दुसऱ्याच्या वतीने माफी देऊन टाकत नाही. आमच्याकडेही बंद्यांचे हक्क बंद्यानेच माफ करायचे असतात. हजला निघालेली माणसे पूर्वी गावात घरोघर जाऊन ‘कहासुना माफ’ म्हणत फिरत. लहानपणी मी पाहत असे, की पन्नास घरी जाणारा माणूस बांधावरून कोर्टात खेचलेल्या सख्ख्या भावाचे दार मात्र टाळून पुढे जायचा. एकोणपन्नास घरांत माफ करण्यासारखे काही नसायचेच.

बाराव्या शतकातले थोर धर्मशास्त्री मोशे बेन मैमून, ज्यांना युरोप मायमोनिडीस म्हणतो आणि अरबी जग मुसा इब्न मैमून, यांनी याची रीतच घालून दिली आहे. कोर्दोव्यात जन्मलेला, कैरोत सुलतानाच्या दरबारी वैद्यकी करणारा आणि १२०४ साली वारलेला हा माणूस. ते सांगतात, आधी त्याचे देणे देऊन टाक, मग माफी माग. तो ऐकत नसेल तर तीन मित्रांना घेऊन जा. असे तीनदा कर. तरी तो अडून बसला, तर आता दोष त्याच्याकडे गेला. गुरूला दुखावले असेल तर मात्र ही सवलत नाही, हजार वेळा जावे लागले तरी जायचे. आणि परतणे पुरे झाले हे ओळखायचे कसे? तोच प्रसंग पुन्हा यावा, तोच मोह, अंगात तीच ताकद, आणि माणसाने हात मागे घ्यावा. म्हातारपणी दात पडल्यावर सुपारी सोडणाऱ्याला त्यांच्याकडे फारसे गुण मिळत नाहीत.

आपल्याकडच्या जाहीर दिलगिऱ्या या मापाने मोजून पाहाव्यात. ‘माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे वाक्य आपण किती वर्षे वाचतो आहोत! त्यात बोललेले वाक्य नसते, दुखावलेला माणूस नसतो. असतो फक्त ‘असल्यास’.

यहुदी शास्त्री ज्या बारकाव्यात शिरतात, तिथे मला त्यांचा खरा लोभ वाटतो. मराठीत आपण ‘मापात पाप’ म्हणतो. तालमूदमध्ये नेमका हाच विचार आहे. खोटे वजन-माप वापरणाऱ्याचा अपराध फार भारी, कारण त्याची वाट बंद आहे. आयुष्यभरात हजार गिऱ्हाइकांना छटाकभर कमी दिले, तर परत कुणाकुणाला करणार? मग त्यांनी त्याच्यासाठी वाट शोधली. जे आठवतात त्यांना द्यावे आणि उरलेल्या पैशातून लोकांच्या उपयोगाचे काम करावे, विहिरी खोदाव्यात, पाण्याचे साठे करावेत. ज्यांना लुटले त्यांच्यापैकी कुणी ना कुणी तिथे पाणी पिईल.

दुसरा प्रश्न तुळईचा. एकाने लाकडाची तुळई चोरली आणि नव्या घराच्या छपराला घातली. आता त्याला उपरती झाली. काय करावे? शम्माय यांच्या पंथाचे म्हणणे, घर पाडा आणि तुळई परत करा. हिल्लेल यांच्या पंथाचे म्हणणे, किंमत द्यावी. दुसराच निर्णय टिकला, आणि त्याला नाव पडले परतणाऱ्यांसाठी केलेली सवलत. न्याय म्हणून पाहिले तर शम्मायवाले बरोबर आहेत, चोरीच्या लाकडाखाली झोपायचे कसे? पण घर पाडायचे म्हटल्यावर कुठला चोर कबूल होईल? म्हणून शास्त्र जरा वाकले. मला वाटते, ज्यांच्या हातात कायदे आहेत त्यांनी या तुळईचा विचार करावा.

जो परत आला, त्याला त्याची जुनी कृत्ये आठवून देऊ नयेत, असाही नियम आहे, आणि तो कुठे आहे पाहा: खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात. शब्दांनी नागवणे हीही फसवणूकच, असा त्यामागचा विचार. आपल्या गावात एकदा लागलेले विशेषण नातवापर्यंत चालते, तेव्हा हा नियम पाळायला उपासापेक्षा कठीण आहे हे सांगायला नको.

आणि दुखावलेला माणूसच मेला असेल तर? इब्न मैमून सांगतात, दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि तिथे आपला अपराध बोलावा. या नियमाची एक विलक्षण कथा आहे. इब्न मैमून यांच्या ग्रंथांवरून त्यांच्या पश्चात यहुदी पंडितांत मोठे भांडण पेटले. १२३० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये त्यांची पुस्तके चर्चच्या हातून जाळली गेली. जाळलेल्यांत त्यांचा ‘ज्ञानाचा ग्रंथ’ होता असे सांगतात, आणि तेशुवेचे नियम त्याच ग्रंथात आहेत. विरोधकांत एक होते गेरोनाचे योना. पुढे १२४२ साली पॅरिसमध्ये तालमूदच्याच गाड्याच्या गाड्या जाळण्यात आल्या. योनांना वाटले, ही आग आपणच लावली. परंपरा सांगते की त्यांनी सिनेगॉगमधून उभे राहून जाहीर कबुली दिली आणि शपथ घेतली, की तिबेरियास येथे इब्न मैमून यांच्या कबरीवर दहा माणसे घेऊन जाईन आणि माफी मागेन. ते निघाले. वाटेत लोकांनी शिकवण्यासाठी थांबवून घेतले. एका गावात राहिले, मग दुसऱ्या. १२६३ च्या सुमारास तोलेदोमध्ये त्यांचे निधन झाले. कबर दूरच राहिली. इतिहासकार या कथेतल्या तपशिलांवर वाद घालतात. पण योनांनी लिहिलेले ‘तेशुवेची दारे’ हे पुस्तक आजही योम किप्पूरच्या आधीच्या दिवसांत वाचले जाते.

ते पोचले नाहीत, म्हणून त्यांचे परतणे अपुरे राहिले का? त्यांना थांबवणारे लोक चांगलेच होते, कारणही चांगले होते. मला या कथेत हेच बोचते. माणसाला माफी मागायला जाण्यापासून वाईट कामे थोडीच अडवतात? चांगली कामेच अडवतात. आज शाळेची मीटिंग, उद्या लग्न, परवा पाऊस.

योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचे नाव ‘नईला’, म्हणजे दार बंद होणे. सूर्य कलत असतो, दिवसभराचे उपाशी लोक उभे असतात. शेवटी शिंगाचा एक लांब सूर निघतो आणि दिवस सरतो. कोकणात बेने इस्राएल दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणत. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दान देत, एकमेकांच्या घरी जात. पुष्कळ यहुदी घरांत मात्र त्याच रात्री, दोन घास पोटात गेले न गेले तोच, कुणीतरी हातोडी शोधायला उठतो. पाचव्या दिवशी मांडवांचा सण असतो आणि त्या मांडवाची पहिली खुंटी त्याच रात्री ठोकायची असते.